सात नंबरच्या खाटेची पांढरी बाटली

१

वैजनाथरावांनी सदतीस वर्षं दूध संकलन केंद्रावर दूध तपासलं. पाणी घालणारे, पीठ कालवणारे, साखर विरघळवणारे असे किती पकडले त्याला गणती नाही. निवृत्त होऊन नरसीला घरी बसले, तरी कप नाकाखालून गेल्याशिवाय चहा ओठाला लागत नसे. त्यापायी सुनेनं दोनदा तोंड वाकडं करून कप परत नेला होता. अशा माणसाला जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी हिंगोलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, पेशंटच्या बाटलीत कोण तरी दूध घालून राहिलं. आन् नाव माझं येऊन राहिलं."

नीलाबाई तिथल्या एका खाजगी दवाखान्यात अठरा वर्षांपासून वॉर्डातली मावशी होती. दवाखान्याचं नाव सांगण्यात हशील नाही. माणसं चांगली होती, एवढं सांगितलं की पुरे. तिचं रडणं थांबेना, तेव्हा वैजनाथरावांनी तिला दामटून एकेक गोष्ट विचारली.

साखऱ्याकडच्या तांड्यावरची शितल, वय चोवीस, डिसेंबरात सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीवरून पाठीवर पडली. हाड मोडलं नाही म्हणून घरच्यांनी देवाचे आभार मानले. दहा दिवसांनी पोरीला दम लागायला लागला. फोटो काढला तर उजव्या बाजूची छाती पाण्यानं भरलेली. डॉक्टरांनी फासळ्यांमधून नळी घातली, नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत सोडलं, आणि त्या बाटलीत जे उतरलं ते पाणी नव्हतं, रक्त नव्हतं, पू नव्हता. पांढरंशुभ्र दूध होतं. रोज सव्वा लिटर.

तेव्हापासून महिना होत आला. शितलच्या अंगावरचं मांस झडून चाललं होतं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. दवाखान्यात नव्यानं आलेल्या फोटो-तपासणीच्या डॉक्टर साक्षी मॅडम म्हणाल्या, की आत अन्नरसाची नळी फुटली आहे, ती कुठे फुटली ते एमआरआयवर पाहू. बुधवारी तपासणी झाली. गळतीचा मागमूस नाही. आणि त्याच सकाळी बाटलीत उतरलेलं पाणी चक्क नितळ, पिवळसर. गुरुवारी सकाळी पुन्हा दूध.

मोठे डॉक्टर शिवशंकरसाहेब तीस वर्षांचे अनुभवी सर्जन. खोटे आजार त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी दोन आणि दोन चार केले. तपासणीच्या दिवशी सगळ्यांची नजर होती म्हणून दूध नाही. नजर हटली, दूध आलं. बाटली रिकामी करणारी नीलाबाई, रोज सकाळी एसटीनं तांड्यावरून म्हशीचं दूध आणणारी सासू नानीबाई, आणि खाटेशी बसून असणारा नवरा सुदाम. या तिघांतला कोणीतरी. सोमवारी नळी काढायची आणि पोरीला घरी धाडायचं, असा त्यांचा हुकूम सुटला.

"आन् आत खरंच गळती असली तर?" वैजनाथरावांनी विचारलं.

"तर आठ दिवसांत छाती पुन्हा भरल, असं साक्षी मॅडम म्हनत व्हत्या. पोरगी घरच्या घरी गुदमरून जाईल, दादा."

वैजनाथरावांनी फोन ठेवला आणि सुनेला शर्ट इस्त्री करायला सांगितला. आयुष्यभर दुधात पाणी घालणारे पकडले. छातीतल्या पाण्यात दूध घालणारा ते पहिल्यांदाच ऐकत होते.

२

शनिवारी सकाळी साडेनऊला वैजनाथराव वॉर्डात हजर झाले. एका खिशात चष्मा, दुसऱ्यात दोन लिंबं.

शिवशंकरसाहेब त्यांना ओळखत होते. हसून म्हणाले, की बरं झालं आलात, दुधातले जाणकार तुम्ही, आता तुम्हीच सांगा ही कोणाच्या म्हशीची करणी आहे. टोमणा होता, पण वैजनाथरावांनी तो शिरोधार्य मानला आणि लगेच बाटलीतलं घोटभर पाणी मागून घेतलं. साक्षी मॅडमनी स्वतः ते एका काचेच्या भांड्यात काढून दिलं. तिशीच्या आतली, बारीक चणीची पोरगी. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिची तपासणी खोटी पडली होती आणि तेवढ्यासाठी एक पेशंट हातातून चालली होती. झोप कुठून येणार तिला.

प्रयोगशाळेनं काय सांगितलं, असं वैजनाथरावांनी विचारलं. भरपूर चरबी आहे, एवढंच, असं ती म्हणाली. अन्नरसात चरबी असते, आणि अडचण अशी की ती दुधातही असतेच.

वैजनाथरावांनी भांडं उजेडात धरलं, हलवलं, नाकाशी नेलं. मग नानीबाईच्या किटलीतलं दूध दुसऱ्या भांड्यात घेतलं. नानीबाई साठीची, डोक्यावरून पदर, कपाळावर गोंदण. ती भिंतीला टेकून उभी होती आणि चोरी पकडली गेल्यासारखी पायांकडे बघत होती. वैजनाथरावांनी दोन्ही भांड्यांत अर्धं अर्धं लिंबू पिळलं आणि घड्याळ बघत उभे राहिले. वॉर्डातल्या धडधाकट पेशंटनी खाटा सोडून भोवती कोंडाळं केलं होतं.

चार मिनिटांत किटलीतलं दूध फाटलं. गाठी खाली, पाणी वर. बाटलीतलं पांढरं मात्र होतं तसंच राहिलं. आणखी लिंबू पिळलं, तरी गाठ म्हणून नाही.

"डाक्टरसाहेब," वैजनाथराव म्हणाले, "हे म्हशीचं न्हाई, गाईचं न्हाई, शेळीचं न्हाई. हे दूधच न्हाई. पोरीच्या अंगातलंच निघून राहिलं."

साक्षी मॅडमचा चेहरा उजळला. नीलाबाईनं भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले. शिवशंकरसाहेब पुढे आले, दोन्ही भांडी त्यांनी स्वतः उजेडात धरून निरखून पाहिली. हट्टी होते, पण अप्रामाणिक नव्हते.

"मान्य," ते म्हणाले. "मग मला हे सांगा, आत गळती आहे तर बुधवारी मशीनला ती दिसली का नाही? आणि त्याच दिवशी पाणी नितळ का आलं? जागा ठाऊक नसताना मी हिची छाती आंधळेपणानं उघडू शकत नाही. हिच्या अंगात तेवढी ताकद उरलेली नाही. सोमवारपर्यंत उत्तर आणा. नाही आलं, तर जोखीम असली तरी मी हिला दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवणार. इथे रोज झिजताना बघत बसणार नाही."

वैजनाथरावांकडची लिंबं संपली होती.

३

साक्षी मॅडमनी त्यांना आपल्या खोलीत नेलं आणि बुधवारचा फोटो पडद्यावर लावला.

"काका, आपण खातो त्यातलं तूप-तेल आतड्यातून सरळ रक्तात जात नाही. त्याचा दुधासारखा रस होतो आणि तो एका नळीतून पाठीच्या कण्यालगत वर चढून गळ्यापाशी रक्ताला मिळतो. नळी केवढी, तर गवताच्या काडीएवढी. या फोटोत जिथे पातळ पदार्थ साचलाय तिथे पांढरं दिसतं. ही छाती बघा, इथे साचलंय. पण ती नळी मला दिसतच नाही. सुकलेल्या ओढ्यासारखी आहे."

"मग ती दिसावी म्हणून तुमी कायी करता का?"

"करतो ना. तूप खायला घालतो. भरपेट तूप-दूध पोटात गेलं की दोन-तीन तासांत नळी तट्ट फुगते आणि कुठे झिरपते ते नजरेला पडतं. म्हणून तर मी मंगळवारीच सांगून ठेवलं होतं, की सकाळी सहाला तुपाचा शिरा आणि वर पेलाभर दूध द्या. मशीनवर घेण्याआधी विचारलंही, दिलं का म्हणून. सासूबाई व्हय म्हणाल्या."

वैजनाथरावांनी नर्सचा तक्ता मागवला. त्यात दर चार तासांनी किती पाणी आलं आणि कोणत्या रंगाचं, ते लिहिलेलं होतं. ते चष्मा लावून तासभर त्यावर वाकून बसले. जेवणानंतर पांढरं. पहाटे जरा पातळ. न्याहारीनंतर पुन्हा घट्ट पांढरं. महिनाभर असंच, फक्त बुधवारचा दिवस नितळ. फॅट मोजण्यात सदतीस वर्षं गेलेल्या माणसाला एवढ्यावर संशय आला नसता तरच नवल. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि केंद्रावर त्यांनी केवळ संशयावर कोणाचा कॅन कधी ओतून दिला नव्हता.

दुपारी ते सात नंबरच्या खाटेशी जाऊन बसले. शितल उशीला टेकून बसली होती. बोलताना दर दोन शब्दांनी तिला थांबावं लागत होतं. बुधवारी सकाळी काय खाल्लं, असं त्यांनी विचारताच तिनं सासूकडे पाहिलं, मग छताकडे, आणि म्हणाली, की आठवत न्हाई काका. आजारी माणूस पुष्कळ विसरतं, पण तुपाचा शिरा कसा विसरेल?

नानीबाईला विचारलं. तिनं एका दमात पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, की शिरा दिला, तूप दिलं, दूध दिलं, पोरीनं समदं खाल्लं. किती तूप, असं विचारल्यावर चार चमचे म्हणाली. तुपाची बरणी खाटेशेजारच्या कपाटावरच होती. वैजनाथरावांनी झाकण काढलं. थंडीनं तूप रवाळ थिजलं होतं, आणि वरचा थर कडेपासून कडेपर्यंत अखंड होता. चमच्याची एक खूण नाही. ही बरणी कधी आणली, तर मंगळवारी, खास तपासणीसाठी. झाकण लावून त्यांनी बरणी होती तिथे ठेवली.

सुदाम बाहेर पायरीवर बसलेला सापडला. बायकोच्या आजारपणानं पोरगा अर्धा झाला होता. आईला तो तांड्याच्या रीतीनं याडी म्हणे. म्हणाला, की काका, मी तर बुधवारी पहाटेच तांड्यावर म्हशीचं पाहायला गेलो होतो, याडी रातीपासून इथंच होती, खाण्यापिण्याचं तिलाच ठाऊक. मग सहज बोलून गेला, की याडीचीबी तब्येत बिघडायला लागली आहे, बुधवारी दुपारी तिला डेपोत चक्कर आली. कंडक्टरनं पाणी पाजलं. सकाळपासून तिनं भाकरीचा तुकडा मोडला नव्हता.

"काहून? उपास होता का?"

"बुधवारी आमच्यात उपास नसतो, काका. मीबी विचारलं. तर म्हणली, लेकरू उपाशी हाय आन् मी कशी खाऊ."

वैजनाथराव ताडकन उठले. लेकरू उपाशी. मग म्हातारीनं डॉक्टरांना खोटं का सांगितलं? सुनेवर जीव टाकणारी बाई तिची तपासणी का बुडवील? तिला हे कोणीतरी सांगितलं होतं, आणि तिचा विश्वास बसावा असं माणूस या वॉर्डात एकच होतं. ते कोण, हे मनात येताच वैजनाथराव वॉर्डात न जाता सरळ नरसीच्या एसटीकडे चालू लागले.

४

रविवारभर ते नरसीला घरी बसून राहिले. जेवण गोड लागलं नाही. बहिणीला सोडवायला गेलो आणि तिलाच अडकवून आलो, असं त्यांना होऊन गेलं. गप्प बसणं सोपं होतं. साक्षी मॅडमला गुपचूप सांगायचं, की पुन्हा एकदा तूप खाऊ घाला, आणि आपलं नाव काढून घ्यायचं. पण गप्प बसलं तर पुढच्या पेशंटला हेच होणार, आणि ते लेकरू कोणाचं असेल काय सांगावं. वैजनाथरावांना बहिणीचा फार लळा होता, आणि म्हणूनच त्यांना तिचा रागही फार आला.

सोमवारी सकाळी आठला सगळे सात नंबरच्या खाटेभोवती जमले.

"डाक्टरसाहेब, कोणी कायी घातलं न्हाई, कोणी कायी चोरलं न्हाई," वैजनाथरावांनी सुरुवात केली. "या तक्त्यात बघा. पोरगी खाते तवा बाटली पांढरी, पोट रिकामं तवा पाणी नितळ. बुधवारी नितळ आलं, कारण आदल्या रातीपासून तिच्या पोटात कणभर गेलं न्हाई. आतली रसाची नळी रिकामी होती, मशीन बिचारं काय दाखवणार? बरणीतल्या तुपाला चमचा लागलेला न्हाई. आन् नानीबाईंनी त्या दिवशी सुनेसोबत स्वतःबी उपास काढला, डेपोत चक्कर येऊन पडल्या."

नानीबाईनं तोंडावर पदर घेतला. साक्षी मॅडम तिच्याकडे वळली आणि मऊ आवाजात विचारलं, की आजी, मग तुम्ही मला व्हय का म्हणालात? म्हातारीनं नीलाबाईकडे पाहिलं. बोलली ती नीलाबाई.

"मी सांगितलं तिला."

नीलाबाई खाटेचा दांडा धरून पुढे झाली.

"अठरा वर्सं झाली, दर तपासणीच्या आदल्या दिवशी मीच डबे उचलते. रातच्याला बारानंतर पाण्याचा घोटबी न्हाई. मला वाटलं, मॅडम नव्या हायेत, चुकून बोलल्या. गेल्या साली हिरासिंगबाबानं आपरेशनच्या सकाळी एक बिस्कीट खाल्लं. तारीख गेली. दुसरी तारीख येईस्तोवर बाबा राहिला न्हाई. म्हणून मी नानीबाईला म्हणलं, पोरीला कायी देऊ नका, आन् मॅडमनी विचारलं तर व्हय म्हणा, न्हाई तर हिचीबी तारीख जाईल." मग ती भावाकडे वळली. "दादा, मला वाटलं मी जीव वाचवून राहिले. तुला सांगायसारखं त्यात काय हाय, हे ध्यानातच आलं न्हाई."

वैजनाथरावांना तिच्याकडे बघवेना. अठरा वर्षं कर्तव्याला चुकली नव्हती बाई, आणि चुकली ती त्या कर्तव्यापायीच.

शिवशंकरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ते रागावतील असं सगळ्यांना वाटत होतं. पण ते म्हणाले, की हिरासिंगची तारीख मीच रद्द केली होती, आणि एका बिस्किटापायी ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकललं; जरा वेळ काढला असता, तर ते दुसऱ्याच दिवशी घेता आलं असतं. नंतर नर्सकडे वळून त्यांनी आजची सगळी ऑपरेशनं दुपारनंतर ठेवायला सांगितली.

"नीलाबाई," ते म्हणाले, "शिरा तुम्हीच करून आणा. तूप हात आखडून घालू नका."

५

अकरा वाजता शितलला पुन्हा मशीनमध्ये घेतलं. या वेळी पोटात वाटीभर तुपातला शिरा आणि पेलाभर दूध होतं. वैजनाथराव, सुदाम आणि नीलाबाई काचेपलीकडे उभे. फोटो एकेक करून पडद्यावर यायला लागले. कण्याला लागून एक पांढरी रेघ खालून वर चढली होती, वळणावळणानं, चांगली ठसठशीत. दहाव्या मणक्यापाशी ती एका बाजूला फुटली होती, आणि तिथून पांढरं उजव्या छातीत पसरलं होतं.

"सापडली," साक्षी मॅडम म्हणाली, आणि तिनं पडद्यावर त्या जागेवर बोट ठेवलं.

नीलाबाई ढसाढसा रडली. सुदामनं तिला खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी जे केलं ते छाती न उघडताच केलं. साक्षी मॅडमनी सोनोग्राफीत बघत बघत शितलच्या जांघेतल्या गाठीत केसासारखी बारीक सुई टोचली आणि थेंब थेंब करून तेलातला रंग सोडला. हा रंग एक्स-रेवर दिसतो. तासाभरानं तो पाय सोडून ओटीपोटात, तिथून कण्याच्या अंगानं वर चढला. दहाव्या मणक्याशी आला आणि तिथे बाहेर ठिबकताना सगळ्यांना दिसला. जागा तीच. शिवशंकरसाहेबांनी साक्षीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की आता मला छाती उघडावी लागली तरी कुठे हात घालायचा ते ठाऊक आहे.

"थोडं थांबू या, सर," ती म्हणाली. "हे तेल चिकट असतं. भोकाशी थबकतं, तिथे सूज आणतं आणि कधी कधी भोक आपसूक बुजतं. सगळ्यांचं बुजत नाही, पण निम्म्याहून जास्त लोकांचं बुजतं. आता मात्र तूप, दूध, तेल सगळं बंद."

नानीबाईला हे सांगायची जबाबदारी नीलाबाईनं घेतली. आधी स्वतः दोनदा विचारून खात्री केली, मॅडमकडून कागदावर लिहून घेतलं, आणि मगच सांगितलं. नानीबाईनं किटली घरी ठेवली आणि रिकाम्या हातानं येत राहिली. मधल्या काळात शितलला शिरेतून ताकदीची औषधं चालू होती.

पहिल्या दिवशी बाटलीत सातशे मिली आलं. तिसऱ्या दिवशी चारशे. पाचव्या दिवशी पुन्हा साडेचारशे झालं, तेव्हा सुदाम वऱ्हांड्यात जाऊन एकटाच उभा राहिला, आणि वैजनाथराव त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांना नरसीहून रोज यायचं तसं काही कारण उरलं नव्हतं, तरी ते येत होते. सातव्या दिवशी दीडशे, नवव्या दिवशी तीस. अकराव्या दिवशी काहीच आलं नाही. मग हळूहळू तूप-तेल सुरू केलं, तरीही काही आलं नाही. फोटोत छातीच्या दोन्ही बाजू सारख्या काळ्या, हवेनं भरलेल्या. शिवशंकरसाहेबांनी स्वतःच्या हातानं नळी काढली आणि टाका घातला.

आणखी दोन दिवसांनी घरी जायची चिठ्ठी मिळाली. साखऱ्याकडची एसटी बाराला. सुदामनं गाठोडी बांधली, औषधांची पिशवी घेतली, साडेअकराला रिक्षा दारात आणून उभी केली आणि शितलला हाक मारायला वॉर्डात आला. खाटेशी नानीबाई बसली होती आणि तिनं त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

शितल झोपली होती. नळी घातल्यापासून तिला टेकून बसूनच डुलकी काढावी लागे, आणि उजव्या कुशीचं तर नावच नको. आज ती त्याच उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, हात गालाखाली ठेवून झोपली होती. श्वास लांब आणि संथ चालला होता.

"याडी, गाडी जाईल," सुदाम कुजबुजला. "बाहेर रिक्षावाला थांबून राहिला."

"जाऊ दे गाडी," नानीबाई म्हणाली. "तीनला दुसरी हाय. लेकराला झोपू दे."